वेलांटी कुठे ठेवायची?

गेल्या शनिवारी फणसवाडीत, चाळीच्या तळमजल्यावरच्या खोलीत, आमच्या संगणक-वापरकर्त्यांच्या गटाची मासिक बैठक झाली. विषय होता विंडोज १०. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिचा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि जुने प्रोसेसर तिला चालत नाहीत, त्यामुळे वाड्यावाड्यांतली चालती यंत्रं भंगारवाल्याच्या वाटेला लागली आहेत. अशा यंत्रांवर लिनक्स बसवून द्यायची म्हणून आम्ही पेनड्राइव्ह तयार ठेवले होते. त्यातला एकही वापरला गेला नाही.

शेजारच्या वाडीतल्या गणेशोत्सव मंडळाचे माजी चिटणीस आपला सीपीयू कापडी पिशवीत घालून घेऊन आले. म्हणाले, "बाळा, यावर नवं काय घालायचं ते घाल, पण आधी यातलं माझं काढून दे." त्यांचं म्हणजे दहाएक वर्षांच्या स्मरणिका. देणगीदारांच्या याद्या, चाळीत कोण कधी राहायला आलं आणि कोण डोंबिवली-विरारला गेलं त्याच्या हकिकती, मंडळाच्या नाटकांची नटसंच-पत्रकं. आम्ही फाइल उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरं, कंस आणि टक्क्यांची चिन्हं. काकांचा चेहरा उतरला. "व्हायरस लागला का रे?"

व्हायरस नव्हता. फाइल शाबूत होती. मजकूर ज्या फाँटात टाइप केला होता तो फाँट त्या यंत्रावर उरला नव्हता, आणि ज्या सॉफ्टवेअरसोबत तो यायचा त्याचं डोंगल घर बदलताना हरवलं होतं.

हे नीट समजून घ्यायला हवं, कारण आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात अशा फाइली आहेत. त्या काळच्या मराठी फाँटांना इंग्रजीसाठी आखलेल्या जेमतेम दोनशे-सव्वादोनशे घरांत देवनागरी बसवावी लागायची. म्हणून अक्षरांचे तुकडे केलेले: अर्धा स, काना, वेलांटी, रफार, प्रत्येकाला एक घर. कोणता तुकडा कुठल्या घरात, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवायची. एकीचा क दुसरीच्या फाँटात भलतंच काही दाखवायचा. आताच्या सर्वमान्य युनिकोड पद्धतीत क म्हणजे ०९१५, जगातल्या कुठल्याही यंत्रावर. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची आणि देवनागरी तिच्यात तेव्हापासून आहे. विंडोज २०००पासून ही युनिकोड देवनागरी साध्या संगणकावरही आली, र. कृ. जोशींनी रेखलेल्या मंगल फाँटसह. पण छपाईचं काम पेजमेकरमध्ये चालायचं आणि त्याला युनिकोड देवनागरी जमत नव्हती. म्हणून डीटीपीवाले पुढे कित्येक वर्षं जुन्याच फाँटांवर राहिले. आपल्या स्मरणिका, दिवाळी अंक, लग्नपत्रिका सगळं त्यातलंच.

काका तरुणपणी छापखान्यात जुळारी होते, केसमधले शिशाचे खिळे उचलून ओळी जुळवणारे. तुकड्यांचा तक्ता पडद्यावर मांडला तसे ते खुर्ची पुढे ओढून बसले. "अरे, ही तर आमची केस! हे खिळेच आहेत." खरंच होतं ते. जवळच्या कोलभाट लेनमध्ये जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना होता, १८६९पासूनचा. राणोजी रावजी आरूंनी तिथे देवनागरीचे जे खिळे घडवले, ते संस्कृत ग्रंथांच्या पानांवरून देशभर गेले. शिशातला तुकडा जाऊन विजेतला आला, जुळणीची रीत तीच राहिली.

मग काकांनी छापील स्मरणिका मांडीवर घेतली आणि आम्ही एकेक चिन्ह जुळवत तक्ता भरू लागलो. खरी अडचण वेलांटीची. खिळ्यांत आणि जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लागते, जशी ती डोळ्यांना दिसते. युनिकोडमध्ये ती नंतर येते, जशी ती उच्चारात येते. 'स्थिती'मधली पहिली वेलांटी उचलून अर्धा स ओलांडायचा, थ ओलांडायचा आणि मग ठेवायची. रफाराचं उलट, तो अक्षराच्या मागून उचलून अक्षराच्या आधी न्यायचा. आमच्यातल्या इंजिनीअरिंगच्या मुलीने तासाभरात पायथॉनमध्ये ते लिहून काढलं. महाप्रसादाच्या आभारांत 'आचाऱ्यांचे' होतं, तिथे आमच्या प्रोग्रामने 'आचार्यांचे' छापलं. काकांनी लगेच बोट ठेवलं. ते ऱ्य मराठीत वेगळं आहे. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्त्याचा ऱ, ०९३१, वापरतात. तयार कन्व्हर्टर मिळतात, पण अशा जागा पाहायला मराठी वाचणारा माणूसच शेजारी बसावा लागतो.

असं एकत्र बसून शिकणं जुनंच आहे. १९६५ साली कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली तीही संगणक वापरणाऱ्यांच्या एका छोट्या गटातून. तेव्हा यंत्रं मोजकी होती आणि शिकायचं तर एकमेकांकडूनच. आज सगळं घरबसल्या शिकता येतं, तर बैठका कशाला, असं मला विचारलं जातं. त्या खोलीत जुळारी आणि पायथॉन लिहिणारी मुलगी एका बाकावर बसली होती, म्हणून ते पान वाचता आलं.

या आठवड्याच्या बातम्या पुन्हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आहेत. कोणाचं मॉडेल किती मराठी जाणतं याच्या. माझी काळजी निराळी आहे. साधारण १९९० ते २०१०, या वीस वर्षांतली आपली कितीतरी मराठी अशा फाइलींत पडून आहे. ती कुठल्याही शोधात सापडत नाही, आणि जुनं यंत्र भंगारात गेलं की तिचाही शेवट. म्हणून आमच्यासारख्या गटांनी लिनक्स टाकण्याआधी हे काम हाती घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं. वाचनालयांनी, मंडळांनी, शाळांनी यंत्र भंगारात द्यायच्या आधी आम्हाला हाक मारावी.

रात्री दहाला पहिलं पान पूर्ण झालं. देणगीदारांची यादी होती. काकांनी ती मोठ्याने वाचली. चौदा नंबरच्या खोलीतल्या, आता नसलेल्या एका आजींच्या नावापुढे एकावन्न रुपये होते, तिथे ते थांबले आणि मग पुढे वाचू लागले.

पुढची बैठक महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी, सहा वाजता. येताना यंत्रासोबत छापील प्रतही आणा. फाटकी असली तरी चालेल.

– फणसवाडीकर