गृहस्थाश्रम आणि आजारी पिलू

महाभारताच्या आरंभीही कुत्रा आहे आणि अखेरीसही, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. सोबत चालत आलेल्या श्वानाला टाकून इंद्राच्या रथात बसण्याचे धर्मराजाने नाकारले, ही कथा मुलांनाही ठाऊक असते. परंतु आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रमंडपात शिरलेल्या सरमेच्या पिलाला राजाचे भाऊ झोडपतात. त्याने हविर्द्रव्याला तोंडही लावलेले नसते. ती माता मग राजाला जाब विचारते आणि राजापाशी उत्तर नसते. हा प्रसंग मात्र सोवळ्याओवळ्याच्या गदारोळात मागे पडला.

इंग्लंडमध्ये मेरी टील्बी या बाईंनी 1860 साली लंडनच्या हॉलोवे भागात बेवारशी कुत्र्यांसाठी आश्रयगृह काढले, तेव्हा त्यांचीही टर उडविण्यात आली. तेच आश्रयगृह 1871 मध्ये बॅटर्सी येथे गेले आणि त्या नावाने आजही नांदते आहे. सहा महिन्यांखालील पिले मधल्या व्यापाऱ्यांनी विकण्यास इंग्लंडात 6 एप्रिल 2020 पासून कायद्याने बंदी आहे. त्यामुळे पिलू हवे असणाऱ्याने ते थेट पैदास करणाऱ्याकडून घ्यावे, नाहीतर आश्रयगृहातून आणावे, एवढेच दोन मार्ग उरले. येथील महाराष्ट्रीय कुटुंबे आता हौसेने कुत्रा पाळू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. पण आश्रयगृहात गेलेली मंडळीदेखील फेफरे येणाऱ्या वर्षाभराच्या पिलापुढून काढता पाय घेतात. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ देवापुढे दिवा लावण्याचा नेम चुकत नाही, त्या घराला बारा-बारा तासांनी एक गोळी देणे अवघड का वाटावे?

अर्थात नुसत्या कळवळ्याने हे काम व्हायचे नाही. फेफऱ्यावर बहुधा फेनोबार्बिटाल देतात. ते बव्हंशी जन्मभर चालते, मनाला येईल तेव्हा एकाएकी थांबविले तर झटके अधिकच उसळतात, आणि यकृतासाठी व औषधाच्या मात्रेसाठी वेळोवेळी रक्त तपासावे लागते. झटका आला असता पिलाच्या तोंडात हात घालू नये, जवळचे सामान दूर करावे, दिवे मंद करावेत आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत तो ओसरला नाही तर पशुवैद्याकडे धाव घ्यावी. विमा कंपन्या आधीपासूनच्या आजाराचा खर्च सहसा देत नाहीत. काही संस्था अशा पिलाच्या औषधाचा भार उचलतात; तेव्हा हे अगोदरच विचारून लेखी घ्यावे. एवढा पैसा गावच्या शाळेला का देऊ नये, असा आक्षेप हमखास येतो. तो घेणारे गृहस्थ शाळेला किती देतात, हा प्रश्न सोडून देऊ. मात्र ज्याला खर्च खरोखरच झेपणार नाही, त्याने पिलू न आणणे हेच बरे. घराची सवय लागलेले पिलू चार महिन्यांनी परत नेऊन सोडणे हे मुळातच न आणण्यापेक्षा अधिक निर्दय आहे.

खरी अडचण येते ती स्वयंपाकघरात. या औषधाने भूक विलक्षण वाढते, आणि पिलू पाहुण्यांच्या पानांभोवती घोटाळू लागते. सत्यनारायणाच्या शिऱ्यातील बेदाणे कुत्र्याला विषासमान, कांदा-लसूणही तसेच. पोटॅशियम ब्रोमाइड चालू असेल, तर रोजचे मीठ कमीजास्त झाल्यानेसुद्धा औषधाचा अंमल बदलतो, म्हणजे प्रेमाने टाकलेला पापडाचा तुकडाही सुखाचा नाही. भारतातून आलेल्या आजीला हे पटविणे म्हणजे पशुवैद्याला पटविण्याहून कठीण! पण एकदा पटले की गोळीची वेळ तिच्याइतकी कोणी पाळत नाही. दिवसभर ओस पडणाऱ्या घरात वडीलधाऱ्यांनाही कोणाची तरी काळजी घ्यावयाची असते, याचा विचार मुलगे-सुना क्वचितच करतात.

राहिला प्रश्न हिवाळ्यातील भारतवारीचा. चार-पाच आठवडे घर बंद असते, आणि कुत्रे सांभाळणारी सगळीच ठिकाणे फेफऱ्याचा प्राणी ठेवून घेत नाहीत. येथे मंडळाला पुष्कळ करता येण्याजोगे आहे. गणेशोत्सवात शंभर माणसांच्या जेवणाची वाटणी बिनबोभाट करणाऱ्या सभासदांतून अशी दोन-तीन घरे सहज निघतील. त्यांनी महिनाभर आधीपासून येऊनजाऊन पिलाची ओळख करून घ्यावी, गोळी कशात लपवून द्यायची ते पाहून ठेवावे, आणि पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांक व झटक्यांची नोंदवही घराच्या किल्लीबरोबरच ताब्यात घ्यावी.