पदक मिळाले, निर्णयात स्थान कधी?

जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला ‘पर्पल फेस्ट’ भरला आणि दिव्यांगांच्या प्रश्नाला गोव्यात एक मोठे व्यासपीठ लाभले. पुढे या महोत्सवाला आंतरराष्ट्रीय रूपही आले. दिव्यांगांविषयी बोलताना वापरली जाणारी दयेची भाषा त्यामुळे काहीशी मागे पडली, हे मान्य करावेच लागेल. तथापि, मंडप उतरल्यानंतर एक प्रश्न शिल्लक राहतो. विशेष शाळेचे दिवस संपलेला, अठरा वर्षे ओलांडलेला बौद्धिक दिव्यांग तरुण वर्षाचे उरलेले दिवस कोठे जातो, कोणाबरोबर असतो आणि स्वतःविषयीचे किती निर्णय स्वतः घेतो? क्रीडा क्षेत्राने या प्रश्नाचे एक उत्तर शोधून ठेवले आहे. आपण मात्र त्यातील पदकांपुरतीच दखल घेत आलो आहोत.

पॅरालिम्पिक आणि स्पेशल ऑलिम्पिक यांची आपल्याकडे नेहमी गल्लत होते. पॅरालिम्पिकमध्ये प्रामुख्याने शारीरिक आणि दृष्टिदोष असलेले अव्वल खेळाडू उतरतात. बौद्धिक दिव्यांगांसाठी तेथे मोजकेच प्रकार आहेत. स्पेशल ऑलिम्पिक ही चळवळ बौद्धिक दिव्यांगांसाठीच उभी राहिली. युनिस केनेडी श्रायव्हर यांनी १९६२ मध्ये स्वतःच्या घराच्या आवारात अशा मुलांसाठी शिबिर सुरू केले. १९६८ मध्ये शिकागो येथे पहिली स्पर्धा झाली. बर्लिन येथे २०२३ मध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत भारतीय चमूने २०२ पदके मिळवली. त्यांत ७६ सुवर्णपदके होती. स्वागत झाले, सत्कार झाले. पण या चळवळीचा अधिक दूरगामी भाग पदकतालिकेत दिसत नाही.

तो भाग म्हणजे ‘युनिफाइड स्पोर्ट्स’, अर्थात एकत्रित संघांचे खेळ. युनिफाइड बास्केटबॉलमध्ये मैदानावरील पाच जणांपैकी तिघे बौद्धिक दिव्यांग असतात आणि दोघे दिव्यांगत्व नसलेले. या दोघांना ‘पार्टनर’ म्हणतात. ते मदतनीस नसतात, प्रशिक्षकही नसतात. वय आणि खेळातील कुवत शक्यतो जुळेल असेच जोडीदार निवडावेत आणि त्यांनी सामना आपल्या हाती घेऊ नये, अशी अपेक्षा असते. ज्याच्या वाट्याला आयुष्यभर केवळ सूचना आल्या, त्या तरुणाला येथे चेंडू कोणाकडे द्यायचा, हे क्षणार्धात स्वतः ठरवावे लागते. निर्णय चुकला तर संघ गुण गमावतो, आणि पुढच्या वेळी चेंडू पुन्हा त्याच्याच हाती येतो. चुकण्याची ही मोकळीक घरात आणि शाळेत, मायेपोटीच, त्याला सहसा मिळत नाही.

याची पुढची पायरी नेतृत्वाची. अमेरिकेतील लॉरेटा क्लेबोर्न यांना जन्मतः बौद्धिक दिव्यांगत्व आणि दृष्टिदोष होता. त्या स्पेशल ऑलिम्पिकमध्ये धावपटू म्हणून आल्या, अनेक मॅरेथॉन धावल्या आणि कालांतराने त्याच संस्थेच्या संचालक मंडळावर पोहोचल्या. आपल्याकडे भालाफेकपटू देवेंद्र झाझरिया २०२४ मध्ये भारतीय पॅरालिम्पिक समितीचे अध्यक्ष झाले. खेळाडूने संस्था चालवावी, हा विचार शारीरिक दिव्यांगांच्या बाबतीत आता रुजतो आहे. बौद्धिक दिव्यांगांच्या बाबतीत मात्र ‘त्यांना काय कळणार?’ हा समज अजून ठाम आहे.

कायदा या समजाच्या पुढे गेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम ३० क्रीडा क्षेत्रातील प्रभावी सहभागाची जबाबदारी शासनावर टाकते. याच कायद्यातील मर्यादित पालकत्वाची तरतूद पालक आणि दिव्यांग व्यक्ती यांनी परस्परविश्वासाने, एकत्र निर्णय घ्यावेत, असे सांगते. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानेही राष्ट्रीय क्रीडा संस्थांच्या कारभारात खेळाडूंच्या प्रतिनिधित्वाला स्थान दिले. मात्र त्यात बौद्धिक दिव्यांग खेळाडूंचा आवाज कसा पोहोचेल, यावर चर्चा अभावानेच होते.

अशा प्रतिनिधित्वात शोभेचे सदस्यत्व हा मोठा धोका आहे. दीपप्रज्वलनाला एखाद्या तरुणाला पुढे करायचे आणि बैठकीत त्याच्या पालकांनाच विचारायचे, हे नेतृत्व नव्हे. विषयपत्रिका सोप्या भाषेत आणि आधी द्यावी, बोलायला पुरेसा वेळ द्यावा, विश्वासातील सोबती शेजारी असावा. एवढ्या तयारीने सहभाग खरा होऊ शकतो. काहींना अधिक आधार लागेल, काहींना कमी. आधार लागतो म्हणून मत नसते, असे मात्र नाही.

गोव्यात हा प्रयोग करण्यास अनुकूल भूमी आहे. फुटबॉल येथे गावागावांत रुजला आहे आणि २०२३ मध्ये ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने मैदाने व संकुले सज्ज झाली. प्रत्येक तालुक्यात एक एकत्रित संघ, आठवड्यातून दोन दिवस सराव, जवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थी जोडीदार म्हणून आणि घरापासून मैदानापर्यंत ने-आणीची सोय, एवढ्यापासून आरंभ करता येईल. यातील वाहनाची सोय सर्वांत महत्त्वाची. ती नसेल तर बाकीचे सारे कागदावरच राहील. वर्षभरानंतर त्याच संघांनी निवडलेले दोन खेळाडू महोत्सवाच्या नियोजन समितीत बसावेत.

‘आमच्या पश्चात याचे कसे होणार?’ ही चिंता बौद्धिक दिव्यांगांच्या आई-वडिलांना अखंड छळत असते. तिचे पूर्ण उत्तर कोणत्याही खेळाकडे नाही. परंतु ज्या तरुणाला गावातील पाच-दहा समवयस्क नावाने ओळखतात आणि ज्याला आपले म्हणणे सांगण्याची सवय झाली आहे, त्याच्या आई-वडिलांची ती चिंता निश्चितच थोडी हलकी होईल. पुढील महोत्सवाची आखणी करताना टाळ्यांच्या आवाजाबरोबर या तरुणांचा आवाजही ऐकला जावा.