कांबळे हे आडनाव का टाकावे?



दीक्षा घेतलेल्या कुटुंबांत एक प्रश्न वारंवार निघतो. धर्म बदलला, घरातला देव्हारा गेला. मग आडनाव तेवढे जुने का ठेवावे? बिद्री आणि भोवतालच्या कागल तालुक्यात हा प्रश्न बहुधा कांबळे या आडनावाविषयी असतो. नाव सांगताच समोरचा मनुष्य जात ताडतो आणि शहरात भाड्याची खोली नाकारली जाते, हे दुःख खरे आहे. परंतु नाव लपविणे हा त्यावर उपाय आहे काय?

हे नाव कोणी चालविले ते पाहा. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्यात ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र काढून मुरळी सोडण्याच्या दुष्ट रूढीवर प्रहार केले. आपल्या कोल्हापुरात पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल गंगाराम कांबळे यांना मार खावा लागला. राजर्षी शाहू महाराजांच्या साह्याने त्यांनी चहाचे हॉटेल उघडले आणि खुद्द छत्रपती तेथील चहा पिऊ लागले. बापू चंद्रसेन कांबळे १९५७ साली कोपरगावातून लोकसभेवर निवडून गेले. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ लिहून आपल्या स्त्रियांच्या हालअपेष्टांना वाचा फोडली.

यांपैकी कोणीही नावाची लाज बाळगली नाही. त्यांनी त्या नावाचा अर्थच पालटून टाकला. शिवाय हे आडनाव काही एकाच जातीचे नव्हे. निरनिराळ्या समाजांत ते आढळते. जात आडनावात नसून ते ऐकणाऱ्याच्या मनात असते. आडनाव पालटले तर असा मनुष्य गाव विचारील, गल्ली विचारील.

कोणास आडनाव बदलावयाचेच असेल, तर तो त्याचा हक्क आहे; मात्र तो भयापोटी बजावू नये. खरी नोंद दुसरीच आहे. शाळेच्या दाखल्यावर आणि जनगणनेत धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ असेच लिहवून घ्या. त्याने सवलती जातील ही भीती आता निराधार आहे. १९९० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून अनुसूचित जातींतील बौद्धांनाही ते हक्क दिले आहेत.

तेव्हा मुलास ताठ मानेने सांगू द्या : मी कांबळे, मी बौद्ध.

जय भीम!