नळी ताठ का होते?

पक्षाघातानंतर अनेक वृद्ध रुग्ण सोलापूर किंवा लातूरच्या रुग्णालयातून आपल्या गावी परततात ते नाकातून पोटात घातलेली नळी घेऊनच. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या वाचकांनी एक गोष्ट पाहिली असेल. घालताना मऊ असलेली नळी काही दिवसांनी काढताना ताठ झालेली असते. असे का होते?

पीव्हीसी हे प्लास्टिक मुळात कडक असते; घरातील पाण्याचे पाइप आठवावेत. सलाइनची नळी किंवा रक्ताची पिशवी मऊ व्हावी म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ मिसळतात. त्यांपैकी सर्वांत प्रचलित पदार्थ म्हणजे डीईएचपी. त्याचे प्रमाण बहुधा वजनाच्या २० ते ४० टक्के असते. तो प्लास्टिकशी रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. त्यामुळे उष्णता, स्निग्ध पदार्थ आणि दीर्घ संपर्क यांनी तो हळूहळू पाझरतो. पोटातील नळी ताठ होते ती यामुळेच.

हा पाझर रोखण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न आपल्याच देशात झाला. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील ए. जयकृष्णन आणि एस. लक्ष्मी यांनी पीव्हीसीच्या पृष्ठभागावर सोडियम सल्फाइडची प्रक्रिया केली. पृष्ठभागावरील क्लोरिनची जागा गंधकाने घेतली आणि प्लास्टिकच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या. जणू वरच्या थराची वीण घट्ट झाली व आतील पदार्थ आतच राहिला. हे संशोधन १९९८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दुसरा मार्ग म्हणजे असा पदार्थ लागतच नाही अशा सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनच्या नळ्या वापरणे.

आता भीतीविषयी. प्राण्यांवरील प्रयोगांत डीईएचपीचा दुष्परिणाम प्रामुख्याने नर पिल्लांच्या जननेंद्रियांच्या वाढीवर आढळला. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ मध्ये नवजात मुलग्यांच्या बाबतीत विशेष दक्षता सुचवली. मात्र आवश्यक उपचार टाळू नयेत, असेही बजावले. तेव्हा ‘प्लास्टिक अंगात जाते’ या धास्तीने कोणीही डायलिसिस चुकवू नये किंवा रक्त घेण्यास नकार देऊ नये. तो धोका कितीतरी मोठा आहे.

घरी एवढे सांभाळावे :

• साधी पीव्हीसीची नळी थोड्या दिवसांसाठीच असते. आठवडा-दहा दिवस झाले की ती बदलण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. ताठ नळी नाक, घसा व जठराच्या आवरणाला इजा करू शकते.

• नळी महिनाभर लागणार असेल, तर सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनच्या नळीविषयी आरंभीच विचारावे. ती महाग असते, परंतु अधिक काळ टिकते आणि रुग्णाचा वारंवार नळी घालण्याचा त्रास वाचतो.

• अन्न कोमट असावे, कढत नसावे. प्रत्येक वेळी शेवटी स्वच्छ पाणी सोडून नळी धुवावी. दूध, तेल-तूप तिच्यात साचू देऊ नये.

• आणून ठेवलेल्या नळ्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नयेत.

• काढलेली नळी उकळून पुन्हा वापरू नये. नवी नळी घरच्या घरी घालण्याचा प्रयत्नही करू नये; ती श्वासनलिकेत गेल्यास प्राणावर बेतते.

आज घरी गेल्यावर एवढेच करावे : नळी घातल्याची तारीख लिहून रुग्णाच्या उशाशी लावावी. पुष्कळ घरांत ती तारीख कोणालाच आठवत नाही.