जुनं झालं म्हणजे चुकलं?

मागच्याच शनिवारी लिहायचं ठरवलं होतं, पण डोकं फार तापलं होतं. म्हटलं, आठवडाभर निवू दे. निवलं नाही. तेव्हा आज लिहूनच टाकतो.

आमच्या ऑफिसात (नाव विचारू नका, हप्ते चालू आहेत) तळमजल्यावर एक टेस्ट लॅब आहे. आम्ही सॉफ्टवेअरवाले तिथे एसी चांगला लागतो म्हणून जातो, दुसरं काही काम नसतं. या लॅबच्या कोपऱ्यात पस्तीसेक वर्षांचा एक फ्रीक्वेन्सी काउंटर असायचा. वजन असं की दोघांनी उचलावा. त्याच्या पोटात क्वार्ट्झचा ओव्हन ऑसिलेटर, म्हणजे स्फटिक एका छोट्या भट्टीत कायम एकाच तापमानाला ठेवलेला. त्यातून निघणारे १० मेगाहर्ट्झ लॅबमधल्या बाकी सगळ्या यंत्रांना पुरवले जायचे. थोडक्यात, तिथला घरचा सूर्य. त्याची उस्तवार करणारे एक काका होते. दर सोमवारी ओव्हनचा करंट आणि खोलीचं तापमान वहीत लिहायचे आणि वर्षातून एकदा कॅलिब्रेशनहून आलेला आकडा लाल शाईने. आम्ही त्यांना हसायचो. मीसुद्धा.

काका रिटायर झाले. त्यांच्या पश्चात आलेल्या पहिल्याच दिवाळीत कुणीतरी वीज वाचवायची म्हणून सगळी लॅब बंद केली. सुट्टीनंतर चालू केली तर काउंटर भलतेच आकडे दाखवायला लागला. मग ऑडिट. ‘कंपनीचा सपोर्ट आहे?’ नाही. ‘स्पेअर पार्ट?’ नाही. झालं! लाल स्टिकर लागला. नवीन जीपीएसचा डबा आला, चपटा, देखणा, पुढे हिरवा दिवा. जुनं धूड भंगारात निघालं. सव्वीस किलो भंगाराचे भावही मी ऐकले. बहुधा त्या क्षणीच माझं टाळकं सरकलं. रीतसर कागद करून मी ते विकत घेतलं आणि रिक्षात घालून घरी आणलं. (घरचे काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

आता यातल्या बिघाडाची गंमत ऐका. पहिल्यांदा मेन्सला लावला आणि दहा मिनिटांत खोलीभर धूर! आपल्या मनात लगेच ‘मेलं’. मेलं वगैरे काही नव्हतं. मेन्स फिल्टरमधला कागदी कपॅसिटर दमट हवेने तडकून जळला होता. जुन्या उपकरणांत हा रोग इतका साधा आहे की जाणते लोक यंत्र चालू करायच्या आधीच तो काढून टाकतात. तापकीर गल्लीत नवा मिळाला. मग ओव्हन. हात लावला तर थंडगार. भट्टीच पेटत नव्हती, त्यामुळे स्फटिक खोलीच्या तापमानाला बसून मनाला येईल ते गात होता. हीटरच्या वाटेत एक थर्मल फ्यूज असतो, भट्टी बेफाम तापली तर तोडणारा. तो काहीही न तापता, निव्वळ वयानेच तुटतो. एचपीच्या १०८११ या प्रसिद्ध ऑसिलेटरबद्दल तर ही कथा छंदी मंडळींना तोंडपाठ आहे. किंमत पन्नास रुपयांच्या आत. कौशल्य लागतं ते एवढंच, की सोल्डर करताना त्याची तार चिमट्यात धरायची, नाहीतर आपल्याच इस्त्रीच्या उष्णतेने नवा फ्यूजही उडतो. माझा एक उडाला. दुसरा बसला.

तासाभरात ओव्हन गरम, आठवडाभर तसाच चालू ठेवला, आणि मग कोथरूडला राहणाऱ्या एका हॅम मित्राच्या जीपीएसवर शिस्त लावलेल्या ऑसिलेटरशी ताडून स्क्रूने जुळवला. हे जुळवणंही कसलं साधं! दोन्ही लहरी ऑसिलोस्कोपवर घ्यायच्या, एकीवर ट्रिगर ठेवायचा आणि दुसरी सरकते का ते बघत बसायचं. १० मेगाहर्ट्झची एक लाट म्हणजे १०० नॅनोसेकंद. ती पूर्ण एक लाट सरकायला १०० सेकंद लागले तर फरक अब्जात एक. चहा प्यायला वेळ मिळतो.

तर आता मुख्य भांडण. ‘जुनं आहे, म्हणजे अचूक नसणार’ हे वाक्य ऑडिटर, मॅनेजर आणि आमचे टीममेट सारख्याच आत्मविश्वासाने म्हणतात. लॅपटॉपच्या बाबतीत ते चालेल. इथे नाही. बऱ्यापैकी बनवलेला क्वार्ट्झ ऑसिलेटर सुरुवातीला जास्त सरकतो, आणि वर्षानुवर्षं न बंद करता चालवला की त्याचं सरकणं कमी कमी होत जातं. काकांच्या वहीतले लाल आकडे मी एक्सेलमध्ये घातले, रेघ सपाट होत गेलेली डोळ्यांना दिसते. म्हणजे हे यंत्र म्हातारपणी सुधारत होतं आणि आम्ही ते म्हातारं झालं म्हणून बंद केलं!

सीझियमची गोष्ट तर आणखी पुढची. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सीझियम-१३३ च्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर आहे. सीझियमचा अणू काही मॉडेल इयर बघून कंपत नाही. (आई विचारते, ‘अणू? घरात?’ नाही गं, सीझियम-१३३ स्थिर असतो, किरणोत्सर्गी नसतो.) एचपीच्या ५०६१ए या पेटाऱ्यासारख्या घड्याळांच्या चौकडीनेच १९७१ साली हाफेले आणि कीटिंग प्रवासी विमानांतून जगप्रदक्षिणा करून आले होते. पूर्वेकडे जाताना घड्याळं ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे जाताना २७३ नॅनोसेकंद पुढे गेली, आणि आइनस्टाइनसाहेब जिंकले. २००५ मध्ये एका अमेरिकन छंदी माणसाने अशाच जातीची नंतरच्या पिढीतली तीन घड्याळं गाडीत भरली, पोरांसकट माउंट रेनियरवर दोन रात्री काढल्या, आणि डोंगरावरचं कुटुंब खाली राहिलेल्या जगापेक्षा सुमारे २२ नॅनोसेकंदांनी जास्त जगलं हे मोजून दाखवलं. ही काही म्युझियममधली शोभेची भांडी नव्हेत.

‘पण सीझियमची ट्यूब संपते ना?’ संपते. अगदी खरं. आतलं सीझियम खर्च होतं, इलेक्ट्रॉन मल्टिप्लायर थकतो, आणि ट्यूब नुसती कपाटात ठेवली तरी अधूनमधून आयन पंप चालवून निर्वात जपावा लागतो. संपलेली ट्यूब घरी कुणी भरू शकत नाही आणि नवी ट्यूब मध्यमवर्गीय माणसाने विचारू नये अशा भावाची. शिवाय आत हजारो व्होल्ट, तिथे हौशी हात घालायचे नाहीत. हे मी मान्य करतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की भंगारात जाणाऱ्या बहुतेक यंत्रांचा आत्मा शाबूत असतो. मेलेला असतो तो वाळलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, शॉर्ट झालेला टँटॅलम, अडकलेला पंखा, गळलेली बॅटरी. रुबिडियमच्या दिव्यात धातू नको तिथे साचला म्हणून दिवा नीट पेटत नाही, तर काहींनी तो काढून हलकेच तापवून धातू जागेवर आणलेला आहे. आणि आपण काय करतो? वाळलेल्या कपॅसिटरसाठी अख्खा पेटारा क्रशरमध्ये.

आणि दुरुस्ती जमते ती का, तर त्या काळच्या मॅन्युअलमुळे. एचपीचं एखादं जुनं सर्व्हिस मॅन्युअल उघडून बघाच. अख्खा सर्किट डायग्राम, प्रत्येक टेस्ट पॉइंटला किती व्होल्ट हवेत, सर्किट असंच का आहे याचं शांतपणे लिहिलेलं स्पष्टीकरण, आणि शेवटी ‘हे लक्षण दिसलं तर इथे बघा’. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला ते वाचून लाज वाटली. आमची डॉक्युमेंटेशनं आठवली. आमच्या नव्या देखण्या डब्याबरोबर आलेलं मॅन्युअल चोवीस पानांचं आहे, त्यातली अर्धी सुरक्षेच्या सूचनांची. उघडू नका, पाण्यात टाकू नका.

आता आपल्या बिरादरीचं पाप. हार्डवेअर मरत नाही तेव्हा आम्ही सॉफ्टवेअरवाले त्याला मारतो. जीपीएस आठवडे मोजतं १० बिटांत, म्हणजे १०२४ आठवडे झाले की पुन्हा शून्य. ट्रिम्बलचं थंडरबोल्ट हे टेलिकॉममधून निघालेलं आणि छंदी लोकांत अत्यंत लाडकं यंत्र. ३० जुलै २०१७ ला त्याच्या फर्मवेअरचा हिशोब संपला आणि ते १४ डिसेंबर १९९७ ची तारीख सांगायला लागलं. १० मेगाहर्ट्झ बिनचूक. सेकंदाचा ठोका बिनचूक. फक्त तारीख चुकली, जी पुढच्या प्रोग्रॅममध्ये ७१६८ दिवस मिळवले की बरोबर येते. एक बेरीज! छंदी लोकांच्या प्रोग्रॅमने ती केलीही. पण ‘एंड ऑफ लाइफ’चा शिक्का मारणाऱ्याला बेरीज येत नाही.

आणि ‘जीपीएस आहे ना, मग काय’ म्हणणाऱ्यांनी २६ जानेवारी २०१६ आठवावा. एक जुना उपग्रह सेवेतून काढताना चुकीची आकडेवारी वर चढली, आणि कित्येक उपग्रह काही तास जागतिक वेळेत १३ मायक्रोसेकंदांची चूक प्रसारित करत राहिले. मोबाइल नेटवर्कवाल्यांकडे अलार्म वाजले. ज्यांच्याकडे स्वतःचं बरं घड्याळ होतं त्यांना निदान ओळखता तरी आलं, की आकाशातून येतंय ते बरोबर नाही. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी कशाशी ताडायचं? आपल्या देशानेही हा धडा चांगला महाग घेतलाय. आयआरएनएसएस-१ए या उपग्रहातली तिन्ही रुबिडियम घड्याळं २०१६ मध्ये बंद पडली, ती बाहेरून आणलेली होती. देशी बनावटीचं रुबिडियम घड्याळ अवकाशात गेलं ते मे २०२३ मध्ये, एनव्हीएस-०१ बरोबर. वर जाऊन फ्यूज बदलता येत नाही हे कबूल. पण घड्याळ कळणारी माणसं जमिनीवर तयार होतात, आणि ती उघडलेल्या पेटाऱ्यांवर हात काळे करून तयार होतात असं आपलं माझं मत.

असो. राग का आला ते अजून सांगितलंच नाही.

महिन्याभरापूर्वी फर्मवेअर तपासायला मी आमचं एक रेडिओ मॉड्यूल घरी आणलं. सहज काउंटरला लावलं. १० मेगाहर्ट्झमध्ये ३ हर्ट्झचा फरक. लॅबने ते ‘अचूक’ म्हणून पास केलेलं! ऑफिसात सांगितलं तर हशा. ‘तुझ्या भंगाराचं काय घेऊन बसलास, आमच्याकडे सर्टिफिकेट आहे.’ मलाही शंका आलीच, खोटं कशाला बोलू. काकांना फोन केला. ते म्हणाले, ‘दोघं भांडतायत ना, मग तिसऱ्याला विचार.’ त्यांच्याच ओळखीने एका कॉलेजच्या लॅबमधलं रुबिडियम मिळालं. रविवारी काउंटर आणि मॉड्यूल दोन्ही तिथे नेलं. माझ्या काउंटरची चूक: ०.०२ हर्ट्झ. मॉड्यूलची: ३ हर्ट्झ.

सोमवारी शोध घेतला. गच्चीवर वॉटरप्रूफिंग झालं तेव्हा कामगारांनी अँटेनाची केबल कापली होती. तेव्हापासून जवळजवळ तीन आठवडे तो डबा उपग्रहाविना, आतल्या स्वस्त स्फटिकावर चालत होता. हिरवा दिवा? तो वीज असल्याचा. लॉक सुटल्याचा अलार्म ईमेलने जात होता, नोकरी सोडून गेलेल्या एका इंजिनिअरच्या पत्त्यावर. या तीन आठवड्यांत त्या डब्याच्या भरवशावर जुळवलेला सगळा माल परत तपासावा लागला. काकांचा काउंटर असता तर दोन्ही एकमेकांशी ताडून पहिल्याच सोमवारी कळलं असतं. मीटिंगमध्ये मी हे बोललो. उत्तर मिळालं: आणखी एक तसाच डबा घेऊ, त्याच अँटेनावर.

त्याच अँटेनावर!

मी लेखी विरोध नोंदवलाय. काउंटर परत लॅबमध्ये, ताडण्यापुरता का होईना, ठेवायला द्यायची तयारीही लिहून दिलीय, फुकट. वरून उत्तर आलेलं नाही. ईमेलचा पत्ता तेवढा बदलून घेतला, आता अलार्म माझ्याकडे येतो. काउंटर सध्या आमच्या बेडरूममध्ये कपाटाशेजारी चोवीस तास चालू आहे. विजेच्या बिलावर घरात चर्चा झाली, ठराव माझ्या विरोधात गेला, अंमलबजावणी लांबणीवर आहे. काकांनी त्यांची वही मला दिली. शेवटची सोळा पानं कोरी होती, त्यातलं पहिलं मी भरायला घेतलंय. आजची नोंद: खोली २७ अंश, ओव्हनचा करंट गेल्या शनिवारइतकाच.