व्यवहारधर्म : बोलणी कोठे संपतात, सौदा कोठे सुरू होतो?

छत्रपती संभाजीनगरच्या मोंढ्यात कित्येक सौदे आजही केवळ शब्दावर होतात. दिलेला शब्द हीच व्यापाऱ्याची पत. परंतु कोणता शब्द सौद्याचा आणि कोणता निव्वळ बोलण्याचा, हे न ओळखल्यामुळे जुने घरोबेही तुटतात.

तोंडी करार १८७२ च्या भारतीय करार कायद्याला मान्य आहे. खामगावची एक जिनिंग व तेल गिरणी आणि अहमदाबादची एक पेढी यांच्यात २२ जुलै १९५९ रोजी सरकी पेंडीचा सौदा टेलिफोनवर ठरल्याचे पेढीचे म्हणणे होते. माल मिळाला नाही म्हणून तिने अहमदाबादेत ३१,१५० रुपयांचा दावा लावला. दावा कोठे चालावा, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. टेलिफोनवरील होकार जेथे ऐकला जातो तेथे करार पूर्ण होतो, असा बहुमताचा निर्णय १९६५ मध्ये झाला. म्हणजे आपल्या गादीवरून दिलेला होकार परगावच्या न्यायालयात उभे करू शकतो.

याउलट, मडिकेरी येथील एका बंगल्याच्या मालकाने दहा हजारांहून कमी घेणार नाही, असे तारेने कळविले. ग्राहक दहा हजारांस राजी झाला. तरीही १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने करार झालाच नाही, असे ठरविले. किमान अपेक्षा सांगणे म्हणजे विक्रीस होकार देणे नव्हे.

कायद्याच्या कलम ७ प्रमाणे स्वीकृती निखालस व बिनशर्त हवी. ‘माल पसंत आहे, पण उधारी नव्वद दिवसांची’ हा होकार नसून नवा प्रस्ताव होय. कलम २९ प्रमाणे ज्याचा अर्थ निश्चित करता येत नाही, तो करार शून्य ठरतो. कोणते तेल हे न ठरविता शंभर टन तेलाचा सौदा केला, तर तो टिकत नाही.

समजा, ‘बघू, जमवून घेऊ’ एवढ्यावर विसंबून घरातील तरुणाने गोदाम भाड्याने घेतले आणि समोरचा मागे फिरला, तर ते भाडे बहुधा त्याच्याच अंगावर पडते. म्हणून त्याच रात्री मालाची प्रत, वजन, भाव, पोच आणि मुदत यांचा दोन ओळींचा निरोप पाठवून उत्तर मागवावे. सौदा पक्का नसेल, तर तसेही लिहावे.

सत्याणुव्रताच्या अतिचारांत खोटा लेख करणे येते. आपला नकार ठरलेला असताना दुसऱ्यास आशेवर ठेवणे कायद्याच्या कचाट्यात कदाचित सापडणार नाही. व्रताच्या कसोटीस मात्र ते उतरत नाही.