पंचवटीचे बंद दार आणि आमचे राष्ट्रीयत्व

राष्ट्र हा शब्द अलीकडे इतका सुलभ झाला आहे की, तो उच्चारताना त्याच्या अर्थाचा विचार करण्याची गरज फारशी कोणास भासत नाही. सभेत, पेढीवर, देवळाच्या ओट्यावर जो तो ‘आम्ही’ आणि ‘आमचा देश’ याच भाषेत बोलतो. हे बोलणे खोटे असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु या ‘आम्ही’त कोणाकोणाचा समावेश होतो आणि कोण न कळत बाहेर राहतो, हे प्रत्येकाने स्वतःस एकदा तरी विचारावयास पाहिजे. नाशिककरांस तर हा प्रश्न टाळताच येणार नाही. कारण त्याचे उत्तर देण्याचा प्रसंग पंचवटीत एकदा प्रत्यक्ष येऊन गेला आहे.

सन १९३० च्या मार्च महिन्यात या देशात दोन सत्याग्रह अवघ्या दहा दिवसांच्या अंतराने सुरू झाले. १२ मार्च रोजी महात्मा गांधी साबरमतीहून दांडीकडे निघाले. त्यापूर्वी, २ मार्च रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य गणलेले लोक शिस्तीने काळाराम मंदिराकडे निघाले होते. पहिल्या सत्याग्रहाचे मागणे परक्या सरकारपाशी होते, दुसऱ्याचे स्वकीयांपाशी. मिरवणूक मंदिरापाशी आली तो दारे बंद. तेव्हा मंडळी गोदावरीच्या घाटाकडे वळली व तेथे सभा भरली. दुसऱ्या दिवसापासून मंदिराच्या चारही दारांशी सत्याग्रही ठाण मांडून बसले. त्यांत स्त्रियाही होत्या. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे भाऊराव गायकवाड, ज्यांस पुढे सारा महाराष्ट्र दादासाहेब म्हणून ओळखू लागला, त्यांनी या लढ्याचा नित्याचा भार वाहिला. त्या वर्षीच्या रामनवमीस स्पृश्य व अस्पृश्य दोघांनीही रामाचा रथ ओढावा अशी तडजोड ठरली होती; ती पाळली गेली नाही, आणि रामाच्या उत्सवात दगडांचा वर्षाव झाला. लढा पुढे १९३५ पर्यंत रेंगाळला. त्या वर्षी १३ ऑक्टोबर रोजी याच जिल्ह्यातील येवले येथे, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा बाबासाहेबांनी केली. आणि १९५६ साली नागपुरास ती खरी करून दाखविली.

आता कोणी म्हणेल की, नाशिकच्या अंगी देशाभिमानच कमी होता. ही समजूत निखालस चुकीची आहे. सन १९०९ मध्ये याच नगरीतील विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली गेली, आणि त्यापायी कान्हेरे, कर्वे व देशपांडे हे तीन तरुण पुढल्या वर्षी ठाण्यास फासावर गेले. देशासाठी प्राण देणारे तरुण ज्या गावात निपजले, त्याच गावाने वीस वर्षांनी देशबांधवांस दारातून परत पाठविले. देशावर प्रेम करणे आणि देशातील माणसास आपला म्हणणे, या दोन गोष्टी एकच आहेत असे आपण गृहीत धरून चालतो. पंचवटीच्या इतिहासाने हे गृहीत खोटे ठरविले आहे, आणि म्हणूनच तो इतिहास विसरणे आम्हांस परवडणारे नाही.

असा प्रसंग केवळ आपल्याच वाट्यास आला असेही नाही. फिलिपाईन बेटांचे उदाहरण या बाबतीत मोठे उद्बोधक आहे. त्या देशाचे नावच मुळी स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजावरून पडलेले. ‘फिलिपिनो’ ही संज्ञा प्रारंभी त्या बेटांत जन्मलेल्या स्पॅनिश वंशाच्या लोकांपुरती असे. तेथील मूळ रहिवाशांस राज्यकर्ते हिणवून ‘इंडिओ’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होसे रिझाल व त्याच्या पिढीतील सुशिक्षितांनी ती संज्ञा रुंदावली, आणि मूठभरांचे नाव साऱ्या लोकांचे झाले. रिझालने परक्या सत्तेवर जसे कोरडे ओढले, तसेच स्वजनांच्या लाचारीवरही ओढले. स्पॅनिश सरकारने त्यास १८९६ च्या डिसेंबरात गोळ्या घातल्या. परंतु रुंदावलेले नाव पुन्हा आखडले नाही. नाव परक्याने दिलेले असले तरी त्याने राष्ट्र बनते. मात्र त्या नावाखाली कोणास घ्यावयाचे हे स्वकीयांसच ठरवावे लागते.

आमच्या येथे हे काम राज्यघटनेने केले. ज्या पुरुषास १९३० साली काळारामाच्या दारातून परतावे लागले, तोच १९४७ साली घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला, आणि त्या घटनेच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. यावर व्यवहारी गृहस्थ विचारतात की, कायदा झाला, मंदिर सर्वांस खुले झाले, मग जुने दार पुन्हा कशासाठी ठोठावयाचे? त्यांस आमचे उत्तर असे की, मंदिरप्रवेश हे त्या लढ्याचे अंतिम साध्य नव्हतेच. बाबासाहेबांनी १९३४ साली गायकवाडांस पत्राने हे स्पष्ट कळविले होते. आपल्या लोकांत चैतन्य यावे व त्यांस आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, हा त्यांचा हेतू होता. तो हेतू तिकडे पुष्कळ सफल झाला. दाराच्या आतील बाजूस जे उभे होते, त्यांस आपल्या स्थितीची जाणीव कितपत झाली, एवढाच प्रश्न शिल्लक आहे.

व्यापारी वाचकांस हिशेब निराळा समजावून द्यावयास नको. किर्दीत रक्कम लिहिली म्हणजे काम संपत नाही. ती खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती उतरावी लागते. घटनेत समता लिहिली गेली, ही किर्दीतील नोंद झाली. खतावणी मात्र घरोघरची आहे, आणि ती अद्याप पुष्कळशी कोरी आहे. भाड्याने खोली देताना आडनाव ऐकून घरमालकाचा सूर बदलतो. कामावरील माणसाचा चहाचा पेला निराळा ठेवला जातो. मुलामुलींचे विवाह जुळविताना तर पोटजातीचे कुंपण ओलांडण्याची कल्पनाही पुष्कळांस सहन होत नाही. सिंहस्थात लक्षावधी यात्रेकरू रामकुंडावर स्नान करून पुण्य घेऊन जातात. त्यांच्यामागे घाट झाडावयास व मैला उचलावयास कोणत्या वस्तीतील माणसे येतात, हे ज्याने त्याने एकदा डोळे उघडून पाहावे. १९३० साली दार लाकडाचे होते, म्हणून ते बंद असलेले सर्वांस दिसले. आताची दारे दिसत नाहीत, यामुळे ती बंद ठेवणारासही आपण निर्दोष आहोत असे वाटते.

यास उपाय काय? मोठमोठे ठराव आम्ही सुचवीत नाही. नाशिकच्या प्रत्येक शाळेत २ मार्च हा दिवस आठवणीने पाळावा आणि मुलांस काळारामाच्या चारही दारांशी नेऊन, येथे कोण बसले होते व का, हे सांगावे. रामनवमीच्या रथाची दोरी कोणाकोणाच्या हाती आहे, हे उत्सव चालविणारांनी जातीने पाहावे. व्यापाऱ्यांनी येत्या वहीपूजनास आपल्या पेढीवर, आपल्या चाळीत व आपल्या स्वयंपाकघरात कोणाची बाकी किती, याचा ताळा घ्यावा. ही कामे कोणत्याही सरकारच्या हुकमावाचून होण्यासारखी आहेत, आणि खरे पाहता हुकमाने ती व्हावयाचीही नाहीत.

काळ्या पाषाणाच्या या मंदिरातील रामाने वनवासात पंचवटीस वास्तव्य केले, अशी आपली श्रद्धा आहे. जो स्वतः घराबाहेर काढला गेला होता, त्याच्याच दारात माणसे पाच वर्षे ताटकळली, ही गोष्ट श्रद्धावानांनी विशेष मनन करण्यासारखी आहे. त्या पाच वर्षांची बाकी आपल्या नावे आहे. ती फेडीपर्यंत ‘आम्ही’ हा शब्द उच्चारताना जीभ थोडी अडखळली, तर ते सुचिन्हच समजावे.